दाजींची फाईल

दर वर्षी जुलै उजाडला की आमचे दाजी गरीब होतात. एरवी त्यांचं बरं चाललेलं असतं. मंडप, कनाती, खुर्च्या, कढया-पातेली भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. गणपतीत चार मोठ्या मंडळांचे मांडव, लग्नसराईत एकाच मुहूर्तावर तीन कार्यालयं, आणि मोसमातली आंब्याची पहिली पेटी आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्यांच्याकडेच फुटते. पण आयकराचं विवरण भरायची वेळ आली, की सीएंच्या समोर बसून दाजी असा काही सुस्कारा सोडतात की त्या बिचाऱ्यांना फी मागायचा संकोच वाटावा.

यात बेकायदा काही नाही, हे दाजी स्वतःहून सांगतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ४४एडी नावाचं एक कलम होतं. छोट्या धंदेवाल्याने हिशेबाच्या वह्या ठेवायची कटकट करू नये, उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील तर ६ टक्के, नफा झाला असं धरून मोकळं व्हावं, अशी त्याची साधारण व्यवस्था. कायद्यात पुढे असंही म्हटलेलं होतं, की नफा त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवावा. हा उत्तरार्ध वाचलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. दाजींची उलाढाल ४० लाखांच्या घरात. कागदावरचं उत्पन्न वर्षाला ३ लाख. तीन लाखांत दाजींचा टेम्पो डिझेल पितो.

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं असताना ताईने धायरीत फ्लॅट पाहिला. किंमत ६० लाख.

दाजी उत्साहाने तीन वर्षांची रिटर्नं घेऊन बँकेत गेले. तिथल्या मुलीने ती चाळली आणि हिशेब मांडला. वर्षाला ३ लाख, म्हणजे महिना २५,०००. त्यातला निम्मा भाग हप्त्याला जाऊ शकतो असं धरू, म्हणजे १२,५००. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे हप्ता पडतो ८६८ रुपये. तेव्हा सर, तुम्हाला साधारण १४ लाख मिळतील. १४ लाखांत धायरीत जिना येतो. दाजी म्हणाले, "अहो मॅडम, माझं खरं उत्पन्न याच्या तिप्पट आहे." मुलगी म्हणाली, "मग ते खोटं आहे का, सर?" आणि तिने रिटर्नांकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच दाजींना आपण श्रीमंत आहोत हे कुणालातरी पटवून द्यायचं होतं, आणि पुरावे सगळे विरुद्ध पक्षाने आधीच दाखल केलेले होते. विरुद्ध पक्ष म्हणजे मागल्या तीन जुलैंमधले दाजी.

दाजींच्याच इमारतीत राहणारा, आयटी कंपनीत काम करणारा एक चिरंजीव तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ देऊन आठवड्यात ५० लाख मंजूर करून घेऊन गेला. त्याची कंपनी त्याला उद्या काढू शकते. दाजींना कोण काढणार? गणपती यायचे थांबणार आहेत का? हा युक्तिवाद दाजी महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होते. मला तो बिनतोड वाटतो. बँकांना वाटत नाही. बँकेला जास्त पैशाचं फार कौतुक नसतं, तिला एक तारखेचं कौतुक असतं. दर एक तारखेला येणारे ४० हजार तिला कळतात. भाद्रपदात येणारे सहा लाख आणि आषाढात येणारा भोपळा तिला कळत नाही.

इथे एजंटाचा प्रवेश होतो. बँकेच्या भाषेत त्याला डीएसए म्हणतात, लोक त्याला लोनवाला म्हणतात.

पहिला लोनवाला हँडबिलातून आला. "२४ तासांत मंजुरी, सिबिल नसले तरी चालेल." दुचाकीवरून आला, चहा घेतला, दाजींच्या सगळ्या कागदांचे फोटो काढले आणि "होऊन जाईल, सर, टेन्शन नका घेऊ" म्हणून गेला. त्याने ते कागद एकाच संध्याकाळी सात ठिकाणी पाठवले. कर्जासाठी अर्ज आला की कर्ज देणारा सिबिल या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे चौकशी करतो, आणि ती चौकशी तुमच्या अहवालात नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा खूप चौकश्या दिसल्या की माणूस पैशासाठी दारोदार हिंडतोय असा अर्थ लावला जातो आणि गुण खाली येतात. सातही ठिकाणांहून नकार आले. दाजींना या सातांतल्या दोन कंपन्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. आपल्याला न विचारता कुणीतरी आपल्या नावाने नकार गोळा करत फिरलं, हे त्यांना फार लागलं.

ताई पोळी-भाजीचे डबे करून देते; दुसरा एजंट तिच्याच एका गिऱ्हाइकाने सुचवला. पन्नाशीचा, पूर्वी कुठल्याशा सहकारी बँकेत कर्ज विभागात काम केलेला. तो आला तेव्हा त्याने कागदाला हात लावला नाही. तासभर नुसता विचारत होता. गोडाऊन स्वतःचं की भाड्याचं? टेम्पोचं कर्ज कधी फिटलं? खातं किती बँकांत? चेक कधी परत गेला होता का? वहिनींच्या डब्यांचे पैसे कुणाच्या खात्यात येतात? आणि मग, अगदी हळू आवाजात: "साहेब, कुणाला जामीन राहिलायत का?"

एजंट कसा ओळखावा, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की जो आधी कागद मागतो त्याला चहा द्यावा आणि जो आधी प्रश्न विचारतो त्याला जेवायला थांबवावं.

दाजी जामीन होते. अर्थातच होते. पुण्यात धंदा करायचा आणि मित्राच्या टेम्पोला जामीन राहायचं नाही, हे कसं शक्य आहे? मित्राने सही मागितली तेव्हा "नुसती फॉर्मॅलिटी" असं म्हटलं होतं. ती फॉर्मॅलिटी आता सिबिलच्या अहवालात दाजींच्या नावाखाली उभी होती, चार थकलेल्या हप्त्यांसकट. सिबिलचे गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात आणि ७५० च्या वर असले की बँका हसून बोलतात. दाजींचे निघाले ६७२. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मागवता येतो, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीत दाजींना कधी रस वाटला नाही; हे त्यांचं एकमेव श्रीमंती लक्षण असावं. मित्राला गाठून, शिव्या देऊन, निम्मे पैसे स्वतःच भरून ते हप्ते मिटवले. मित्र अजून म्हणतो, "तुझ्यासाठीच भरले हां मी."

मग एजंटाने आपली विद्या उलगडली. ती ऐकताना मी हजर होतो आणि मला स्पष्ट दिसलं, की या माणसाला व्याजाचं गणित आपल्याइतकंच येतं. येतं ते बँकांचं मानसशास्त्र. कर्ज मागणाऱ्यांत वर्णव्यवस्था असते. सगळ्यात वर पगारदार. मग डॉक्टर आणि सीएसारखे व्यावसायिक. डॉक्टरांना तर काही ठिकाणी नफा न पाहता नुसत्या जमा रकमेवर कर्ज मिळतं, कारण लोक आजारी पडतात यावर बँकेचा गाढ विश्वास आहे. दाजींसारखे सगळ्यात खाली. पण खालच्यांसाठीही वेगवेगळे दरवाजे असतात आणि कुठल्या बँकेचा कुठला दरवाजा सध्या किलकिला आहे, हे एजंटाला ठाऊक असतं. एक कंपनी आयकर बाजूला ठेवून जीएसटीची रिटर्नं पाहते, तिथे उलाढाल खरी दिसते. दुसरी जुन्या कर्जाचे हप्ते वेळेवर गेले का तेवढंच पाहते. तिसरी नफ्यातून घसारा परत मिळवून घेते. चौथी चालू खात्यातली सरासरी शिल्लक पाहते.

जीएसटीची रिटर्नं दाजी सणवार बघून भरत असल्यामुळे तो दरवाजा बंद. वर्षभराने तो उघडेल, असं एजंट म्हणाला. तोवर चौथा.

मी एक प्रश्न विचारला: "मागची रिटर्नंच जरा वाढवून पुन्हा भरली तर?" सरकारने तशी सोय केलेली आहे, जादा कर भरून जुनं विवरण सुधारता येतं. एजंट कनवाळूपणे हसला. "साहेब, बँक आकडा नंतर बघते. आधी भरल्याची तारीख बघते. दोन वर्षांची रिटर्नं एकाच आठवड्यात भरलेली दिसली की ती फाईल कपाटाच्या मागे पडते." सीएंना फोन झाला. "एखादं उत्पन्नाचं सर्टिफिकेट द्याल का?" सीए म्हणाले, "देतो की. मी जे रिटर्न भरलंय तेवढ्याचं देतो." २०१९ पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर त्यांच्या संस्थेच्या पोर्टलवर काढलेला यूडीआयएन क्रमांक लागतो, तो टाकला की कागद खरा की खोटा ते घरबसल्या कळतं. इतकी वर्षं दाजींचं उत्पन्न बारीक ठेवण्यात त्या माणसाने हयात घालवली, आणि आता त्यालाच ते फुगवायला सांगणं म्हणजे त्याच्या कलेचा अपमानच होता.

दाजींनी मध्येच विचारलं, "परदेशात असं असतं का हो?" माझा मुलगा म्हणाला, अमेरिकेत २००८ च्या आधी अशी कर्जं मिळायची, की उत्पन्न तुम्ही नुसतं तोंडाने सांगायचं, कागद नको. इंग्लंडातही होती, २०१४ मध्ये बंद केली. दाजींचे डोळे चमकले. "मग ती स्कीम आपल्याकडे का नाही आली?" त्या स्कीमने अर्धं जग कसं बुडवलं हे मुलाने सांगितलं, पण दाजी ऐकत नव्हते. आपण योग्य उत्पन्नासह चुकीच्या देशात जन्मलो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

सरासरी शिल्लक म्हणजे रोजची नव्हे. महिन्यातल्या काही ठरलेल्या तारखांना खात्यात किती पैसे आहेत ते पाहतात. या कंपनीच्या तारखा होत्या ५, १५ आणि २५. एवढं एजंटाने सांगितलं, आणि ताईच्या घरातली कालगणना बदलली. पूर्वी एकादशी आणि संकष्टी कालनिर्णयावर पाहिल्या जात. आता त्यांच्या शेजारी तीन लाल गोल पडले. फुलवाल्याचे पैसे सहा तारखेला. बांबूवाल्याला सोळाला ये म्हणायचं. २४ तारखेला ताईने मिक्सर दुरुस्तीला टाकायचं म्हटलं तर दाजी असे किंचाळले की शेजारच्या काकू आल्या. "तुझ्याकडचे दोन लाख चार दिवस माझ्या खात्यात ठेव," असं त्यांनी मलाही सुचवून पाहिलं. एजंटाने हात जोडले. "तसं नका करू. तीन तारखेला आले, सव्वीसला गेले, हे संगणकाला लगेच दिसतं. स्वतःचेच ठेवा, फक्त थांबवून ठेवा." म्हणजे उत्पन्न वाढवायचं नव्हतंच, खर्चाला ताटकळत ठेवायचं होतं. सहा महिने गेले. फुलवाला नाराज झाला, सरासरी सुधारली.

ताई सहअर्जदार होती, कारण घर तिच्या नावावर घ्यायचं ठरलं. महाराष्ट्रात घर बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. पुण्यात ६० लाखांवर सातऐवजी सहा टक्के, म्हणजे ६०,००० वाचले. दाजींच्या स्त्रीदाक्षिण्याचा हा उगम. घर जिच्या नावावर तिला कर्जातही यावं लागतं, म्हणून तिच्या खात्याचा वर्षभराचा उतारा काढला. पोळी-भाजीचे यूपीआयने आलेले पैसे, साठ-साठ, नव्वद-नव्वद रुपये, शेकडो पानं. प्रत्येक नोंदीपुढे गिऱ्हाइकाने काहीतरी लिहिलेलं: "डबा", "कालचे राहिलेले", "काकू आमटी मस्त". कर्ज विभागातल्या कुणी मुलाने ती पानं वाचली असतील तर त्याला दुपारी भूक लागली असणार.

मग आली पीडी. म्हणजे कर्ज कंपनीचा अधिकारी धंद्याच्या जागी येऊन समक्ष बोलतो. तारीख त्यांनी दिली ती नेमकी पितृपक्षातली. दाजींनी नवरात्राची मागून पाहिली, मिळाली नाही. आदल्या दिवशी एजंट गोडाऊनवर येऊन ओरडला, "बोर्ड कुठाय? धंद्याच्या नावाचा बोर्ड लागतो!" तीस वर्षं सगळ्या पुण्याच्या कमानी उभारणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दारावर पाटी नव्हती. रातोरात कारागीर बसवले. सकाळी गोडाऊनला झेंडूच्या माळा, रोषणाई आणि आठ फुटी अक्षरांत नाव असं महाद्वार उभं राहिलं. वर चुकून "सुस्वागतम् वधूवर" ही पट्टी राहून गेली.

अधिकारी तरुण होता, बहुधा मराठवाड्याकडचा, सभ्य. त्याने वही काढली.

"महिन्याला साधारण किती ऑर्डर असतात?"

"कुठल्या महिन्याला?"

"साधारण महिना धरा."

"साधारण महिना आमच्याकडे नसतो साहेब. एक तर मरणाची गर्दी, नाही तर हे असं."

"आज गिऱ्हाईक नाही दिसत एकही."

"पितृपक्ष आहे. गिऱ्हाइकं वर गेलेल्यांना जेवायला घालतायत."

एजंटाने डोळे मिटून घेतले. पण अधिकारी गोडाऊनमध्ये फिरला. गणपतीचा माल परत आलेला होता आणि नवरात्राचा अजून गेलेला नव्हता, त्यामुळे छतापर्यंत कनाती, चार हजार खुर्च्या, पातेल्यांच्या उतरंडी. हे सगळं एका ठिकाणी वर्षातून याच पंधरवड्यात दिसतं. तो खुर्च्या मोजत बराच वेळ आत होता. मुहूर्त पाहून ठरवली असती तर ही भेट इतकी चांगली झाली नसती.

घरीही एक मुलगा चौकशीला येऊन गेला. शेजाऱ्यांना विचारलं, हे इथे राहतात का, धंदा चालतो का? ज्यांच्याशी दाजींचं बारा वर्षं पार्किंगवरून भांडण आहे ते शेजारी तावातावाने म्हणाले, "चालतो का म्हणजे? रात्री दोन-दोनला टेम्पो येतो, झोपू देत नाहीत!" धंद्याच्या सातत्याचा याहून भक्कम पुरावा फाईलमध्ये दुसरा नव्हता.

कर्ज मंजूर झालं. मागितले होते ४० लाख, आले ३६, व्याज साडेनऊ टक्के. पगारदाराला तेव्हा साडेआठ पडत होतं. महिना २,३०० रुपयांचा फरक. अंतर असंच राहिलं तर २० वर्षांत साडेपाच लाख. उरलेल्या रकमेसाठी पतसंस्थेतल्या ठेवी, भिशी आणि ताईच्या पाटल्या कामी आल्या. एजंटाने दाजींकडून एक रुपया घेतला नाही, आणि दाजींना ते इतकं संशयास्पद वाटलं की ते दोन रात्री झोपले नाहीत. मी समजावलं, की त्याला कमिशन कर्ज देणारी कंपनी देते, कर्जाच्या रकमेवर. दाजी ताडकन उठले. "म्हणजे तो त्यांचा माणूस!" आता हे अगदीच खोटं नाही. तीन बँका सारख्याच उपयोगाच्या असतील तर कमिशन जास्त देणारी बँक त्याला जरा जास्त देखणी दिसणार. म्हणून प्रत्येक एजंटाला "आणखी कुठे विचारलंत? तिथे का नको?" हे विचारावं, आणि सहीच्या आधी मिळणारा केएफएस नावाचा कागद, ज्यावर व्याजापासून प्रोसेसिंग फीपर्यंत सगळं एकत्र लिहिलेलं असतं, तो चष्मा लावून वाचावा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो देणं सक्तीचं आहे. दाजींनी तो वाचला. त्यांना त्यात कर्जासोबत घ्यायचा ३८,००० चा विमा सापडला, जो त्यांनी मागितला नव्हता. काढायला लावला.

निघताना एजंट म्हणाला, "आता पुढची दोन वर्षं उत्पन्न खरं दाखवा. मग आपण हे कर्ज स्वस्त बँकेत नेऊ." बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही, तेव्हा सल्ला योग्यच होता. शिवाय त्यात त्याचं दुसरं कमिशन होतं. माझ्या मते सल्ला योग्य असणं आणि देणाऱ्याचा त्यात फायदा असणं या दोन गोष्टी एका कागदावर सुखाने नांदू शकतात.

"खरं दाखवलं तर कर किती पडेल?" दाजींनी घाबरत विचारलं.

"किती कमावता? नऊ लाख?"

"साधारण."

"शून्य."

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर आणला आहे. हे सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होतं. दाजींनी ते वाचलंही होतं, आणि आयटीवाल्या पोरांची चैन झाली असं म्हणाले होते. आपलाही त्यात समावेश आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आपण तीन लाखवाले आहोत यावर इतक्या वर्षांत त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता. म्हणजे इथून पुढे गरीब दिसण्यासाठी जो काही आटापिटा चालला असता, त्यातून एक पैसाही वाचणार नव्हता. उलट त्याची किंमत टक्काभर जादा व्याजाने मोजावी लागणार होती. हे कळल्यावर दाजी बराच वेळ सीएंचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटत होते.

एजंट स्वतः नऱ्ह्यात भाड्याने राहतो, हे आम्हाला वास्तुशांतीच्या जेवणात कळलं. ताईने सहज विचारलं होतं, "तुमचं घर कुठे?" तो म्हणाला, "वहिनी, माझं उत्पन्न कमिशनचं. मार्चमध्ये टार्गेटमुळे भरपूर, एप्रिलमध्ये काही नाही. माझी फाईल कोण घेणार?" पंगतीत क्षणभर शांतता झाली आणि मग दाजींनी त्याच्या पानात आग्रहाने दोन जिलब्या वाढल्या, सजातीय भेटल्यासारख्या.

मे महिन्यात त्याच्या मुलाची मुंज आहे. मांडव, खुर्च्या, भांडी सगळं दाजींकडूनच. परवा तो ठरवायला आला होता. दर ठरला, आणि तो जुन्या वळणाने म्हणाला, "निम्मे रोख देतो, दाजी. बिलाचं काही नाही."

दाजी चपापले. "छे छे! सगळे खात्यावर टाका. पक्कं बिल देतो, जीएसटी लावून." मग कालनिर्णय काढून त्यांनी पान उलटलं. "आणि हे बघा, चौदा तारखेच्या आत टाका हं."